शिंप्याला बीजगणित शिकवणारा गणिती : लिओनार्ड ऑयलर

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून कोनकडे येणाऱ्या रस्त्यावर सायंकाळी गोदामांच्या मालमोटारी आणि यंत्रमागांवरून सुटलेले कामगार यांची एकच गर्दी असते. आमच्या वसतिगृहातील कित्येक विद्यार्थ्यांचे पालक याच गर्दीतून घरी परततात. त्याच वेळी वसतिगृहात सायंकाळची अभ्यासिका सुरू होते. आम्ही इतिहासाचे शिक्षक. परंतु देखरेखीची पाळी आली की विद्यार्थी कोणत्या विषयाची शंका आणील हे आपल्या हाती नसते. अशाच एका सायंकाळी अकरावी विज्ञान शाखेची एक विद्यार्थिनी चाचणीची उत्तरपत्रिका घेऊन आमच्यापाशी आली. दोन संख्यांच्या बेरजेचा लॉग म्हणजे त्या संख्यांच्या लॉगांची बेरीज, असे तिने लिहिले होते आणि त्यावर तांबडी फुली पडली होती. गुण गेल्याचे तिला फारसे दुःख नव्हते. गुणाकाराला चालणारा नियम बेरजेला का चालत नाही, हे तिला कळत नव्हते. आणि ते कळत नाही याचा अर्थ गणित आपल्यासारख्यांच्या घरात नाहीच, असा तिने लावला होता. विज्ञान सोडून कला शाखेत जाण्याचा तिचा विचार जवळजवळ पक्का झाला होता.

कला शाखेत आमच्या विषयाला एक हुशार विद्यार्थिनी मिळाली असती. परंतु ती अशा कारणाने मिळावी हे आम्हांस रुचले नाही. इतिहासाच्या शिक्षकाला ठाऊक असलेला मार्ग एकच : एखादी गोष्ट अशी का आहे हे कळत नसेल, तर ती कोठून आली हे पाहावे. त्या मार्गाने जाता जाता आम्ही ज्या पुरुषाच्या चरित्रापाशी पोहोचलो, ते अठराव्या शतकातील थोर गणिती लिओनार्ड ऑयलर होत. नैसर्गिक लॉगचे आजचे रूप मुख्यतः त्यांचे आहे. आणि बीजगणितातील चुकांविषयी त्यांच्या आयुष्यातून जे शिकावयास मिळते, ते पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही.

ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल नगरात झाला. वडील पॉल ऑयलर हे प्रोटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक होते. लिओनार्ड यांचे बालपण बाझलजवळच्या रीहेन या गावी गेले. वडिलांनी तरुणपणी याकोब बर्नुली या विख्यात गणितज्ञाची व्याख्याने ऐकली होती, त्यामुळे मुलाला गणिताचे पहिले धडे घरातच मिळाले. ही गोष्ट मोकळेपणाने नोंदवली पाहिजे. थोरांची चरित्रे सांगताना त्यांच्या बुद्धीचे वर्णन करावयाचे आणि त्यांना आयते लाभलेले साहाय्य झाकून ठेवावयाचे, ही रीत आम्हांस योग्य वाटत नाही. ऑयलर असामान्य बुद्धीचे होते यात शंका नाही. परंतु त्यांच्या घरात पुस्तक होते आणि ते वाचून दाखवणारा पिता होता, हेही तितकेच खरे.

वयाच्या तेराव्या वर्षी, १७२० मध्ये, ते बाझलच्या विद्यापीठात दाखल झाले. मुलाने आपल्यासारखेच धर्मोपदेशक व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. विद्यापीठात याकोब यांचे धाकटे बंधू योहान बर्नुली गणिताचे अध्यापक होते. कामाच्या व्यापामुळे त्यांनी या मुलास स्वतंत्र शिकवणी देण्याचे नाकारले. मात्र काही अवघड ग्रंथ सुचवले आणि ते स्वतः वाचून, जेथे अडेल तेवढेच शनिवारी दुपारी येऊन विचारण्याची मुभा दिली. गुरूंना कमीत कमी त्रास व्हावा म्हणून ऑयलर आठवडाभर एकेका अडचणीशी झुंजत आणि शनिवारी मोजक्याच शंका घेऊन जात. पुढे आयुष्यभर त्यांना या अभ्यासपद्धतीचा अभिमान वाटत राहिला. अखेर योहान बर्नुली यांनीच वडिलांची समजूत घातली आणि मुलाची धर्मशास्त्रातून सुटका केली.

१७२७ मध्ये बाझलला भौतिकशास्त्राच्या अध्यापकाची जागा रिकामी झाली. ऑयलर यांनी अर्ज केला. तो मान्य झाला नाही. तेव्हा ते वीस वर्षांचे होत होते. त्याच वर्षी ते रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील नव्या विज्ञान अकादमीत गेले आणि आपल्या जन्मनगरीस पुन्हा कधीच परतले नाहीत. त्यांची पहिली नेमणूक शरीरक्रियाशास्त्राकडे झाली होती. १७३० मध्ये भौतिकशास्त्राचे आणि १७३३ मध्ये गणिताचे अध्यापकपद त्यांना मिळाले. १७३४ च्या आरंभी चित्रकार गेओर्ग ग्झेल यांच्या कन्या कॅथरिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्यास तेरा अपत्ये झाली, त्यांपैकी पाचच बालपण ओलांडून जगली. तीव्र आजारानंतर १७३८ मध्ये त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. मांडीवर मूल आणि पायांशी खेळणारी भावंडे अशा स्थितीतही ते लेखन करीत असत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते.

लॉगचा शोध ऑयलर यांनी लावला नाही. तो मान स्कॉटलंडच्या जॉन नेपियर यांचा. नेपियर यांनी १६१४ मध्ये आपली कोष्टके प्रसिद्ध केली. पुढे हेन्री ब्रिग्ज यांनी दहाच्या पायावरील कोष्टके सिद्ध केली. खगोलशास्त्रज्ञ आणि दर्यावर्दी यांना लांबलचक गुणाकार करावे लागत. कोष्टकात दोन संख्यांचे लॉग पाहावयाचे, त्यांची बेरीज करावयाची आणि त्या बेरजेसमोरची संख्या उलट शोधावयाची, की गुणाकार तयार. आमच्या बारावीच्या विद्यार्थ्यांच्या हाती परीक्षेत जे लॉग टेबल असते, ते याच परंपरेतले. तथापि एक शतकभर लॉग हे प्रामुख्याने आकडेमोडीचे साधन राहिले. लॉग म्हणजे मुळात काय, याची स्वच्छ मांडणी ऑयलर यांनी १७४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनंत राशींच्या विश्लेषणावरील आपल्या द्विखंडी लॅटिन ग्रंथात केली. त्यांच्या मांडणीत लॉग म्हणजे घातांक, म्हणजेच ठरलेल्या पायाचा कितवा घात केला असता दिलेली संख्या येते, याचे उत्तर. हा पाया ज्या एका विशिष्ट संख्येचा घेतला असता लॉगला नैसर्गिक म्हणतात, त्या संख्येस त्यांनी जे अक्षर दिले ते आपण मराठीत ई असे लिहू. तिची किंमत २.७१८२८ पासून पुढे तेवीस दशांश स्थळांपर्यंत त्यांनी त्या ग्रंथात दिली आहे.

ही संख्या आकाशातून पडलेली नाही. तिचा माग सावकाराच्या वहीत सापडतो. १६८३ मध्ये याकोब बर्नुली यांनी चक्रवाढ व्याजाचा एक प्रश्न तपासला. एक रुपया वर्षाला शंभर टक्के व्याजाने दिला, तर वर्षाअखेर दोन रुपये होतात. तेच व्याज सहा महिन्यांनी मुद्दलात मिळवले तर २.२५ होतात, दर तीन महिन्यांनी मिळवले तर २.४४, दरमहा मिळवले तर २.६१, दररोज मिळवले तर २.७१. व्याज क्षणोक्षणी मुद्दलात मिळवीत गेले तरी रक्कम अमर्याद वाढत नाही. ती ज्या मर्यादेशी थांबते तीच ई. आमच्या पालकांपैकी ज्यांनी महिना पाच टक्क्यांचे कर्ज अनुभवले असेल, त्यांनी हा हिशेब अवश्य पाहावा. सरळव्याजाने ते कर्ज वीस महिन्यांत दुप्पट होते. चक्रवाढीने मात्र २ चा नैसर्गिक लॉग ०.६९३ यास १.०५ चा नैसर्गिक लॉग ०.०४८८ याने भागावे लागते, आणि उत्तर सुमारे चौदा महिने येते. रसायनशास्त्राच्या पुस्तकातील अर्धायुकालाच्या सूत्रात जो ०.६९३ दिसतो, तो हाच. आणि तेथे वारंवार येणारा २.३०३ म्हणजे १० चा नैसर्गिक लॉग.

आता त्या विद्यार्थिनीच्या फुलीकडे वळू. यापुढे नुसते लॉग म्हटले असता नैसर्गिक लॉग समजावा. लॉग म्हणजे घातांक हे एकदा मनात ठसले की नियम पाठ करावे लागत नाहीत. ई चा एक घात ई च्या दुसऱ्या घाताने गुणला की घातांकांची बेरीज होते, म्हणूनच,

लॉग (अ × ब) = लॉग अ + लॉग ब

याच कारणाने भागाकाराचा लॉग वजाबाकी होतो आणि घाताचा लॉग घातांकाच्या पटीत होतो. परंतु ई च्या दोन घातांची बेरीज केली तर त्यांच्या घातांकांचे काय होते, याविषयी घातांकांचा कोणताच नियम नाही. जेथे मुळात नियम नाही तेथे लॉगचा नियम येणार कोठून? लॉग २ म्हणजे ०.६९३ आणि लॉग ३ म्हणजे १.०९९. दोहोंची बेरीज १.७९२. हा ६ चा लॉग आहे, ५ चा नव्हे. ५ चा लॉग १.६०९. एवढी आकडेमोड त्या विद्यार्थिनीने आमच्यासमोर स्वतः केली आणि तिची निम्मी भीती तेथेच ओसरली.

दुसरी चूक लॉगला गुणक समजण्याची. लॉग ८ भागिले लॉग २ असे दिसताच वरचा आणि खालचा लॉग शब्द खोडून ४ लिहिणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात. लॉग ही एखादी संख्या नव्हे की जी वरखाली छेदून टाकता येईल. ती एक क्रिया आहे. लॉग ८ म्हणजे तीन वेळा लॉग २, म्हणून त्या भागाकाराचे उत्तर ३. याउलट ८ भागिले २ या भागाकाराचा लॉग म्हणजे लॉग ४, अर्थात १.३८६. लॉगांचा भागाकार आणि भागाकाराचा लॉग या दोन भिन्न गोष्टी होत.

तिसरी चूक घातांक कोणाचा हे न पाहण्याची. दोन गुणिले क्षचा घन याचा लॉग घेताना घन फक्त क्षचा आहे, दोनचा नाही. म्हणून उत्तर लॉग २ + ३ लॉग क्ष असे येते. तीनने दोन्ही पदे गुणू नयेत. क्षच्या वर्गाचा लॉग आणि क्षच्या लॉगचा वर्ग यांतही असाच भेद आहे. उलट दिशेने जाताना ई चा घातांक २ लॉग क्ष असेल तर उत्तर क्षचा वर्ग येते, २क्ष नव्हे. आणि घातांक लॉग क्ष + २ असेल तर उत्तर क्ष गुणिले ई चा वर्ग असे येते, कारण घातांकांतील बेरीज बाहेर आली की गुणाकार होते. या तिन्ही चुकांचे मूळ एकच. नियम लक्षात राहतो, पण तो कशासाठी होता आणि कोठपर्यंत चालतो हे विसरले जाते.

ही विस्मृती केवळ अकरावीच्या वर्गात घडते असे नाही. युरोपातील अत्यंत विद्वान मंडळींचा जो वाद ऑयलर यांनी मिटवला, तो नेमका याच स्वरूपाचा होता. १७१२ आणि १७१३ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ आणि ऑयलर यांचे गुरू योहान बर्नुली यांच्यात ऋण संख्यांच्या लॉगवरून पत्रव्यवहार झाला. बर्नुली यांचे म्हणणे असे, की उणे अ आणि अधिक अ यांचे वर्ग समान आहेत. म्हणून त्या वर्गांचे लॉगही समान. वर्गाचा लॉग म्हणजे मूळ संख्येच्या लॉगची दुप्पट. तेव्हा दोन्ही बाजूंना दोनने भागले असता उणे अचा लॉग अधिक अच्या लॉगएवढा ठरतो. लायब्निझ यांना हे मान्य नव्हते. ऋण संख्यांना खरा लॉग असूच शकत नाही, असा त्यांचा पक्ष होता. दोघेही आपापल्या मतावर ठाम राहिले आणि वाद अनिर्णित राहिला.

बर्नुली यांची वरील मांडणी वाचणाऱ्यास त्यात दोष चटकन दिसत नाही. प्रत्येक पायरी ओळखीची वाटते. विशीत असतानाच ऑयलर यांनी पीटर्सबर्गहून आपल्या गुरूंना या प्रश्नावर पत्रे लिहिली होती. त्यांना दोन्ही पक्षांत अडचणी दिसत होत्या. परंतु समाधानकारक उत्तर सापडले नव्हते, म्हणून त्यांनी घाईने निर्णय दिला नाही. १७४१ मध्ये प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या निमंत्रणावरून ते बर्लिनच्या अकादमीत आले. तेथे फ्रेंच गणितज्ञ दालांबेर यांच्याशी १७४७ आणि १७४८ मध्ये याच विषयावर त्यांची पत्रापत्री झाली. दालांबेर बर्नुली यांच्या बाजूचे होते. तोवर ऑयलर यांना उत्तर सापडले होते. त्यांचा निबंध बर्लिन अकादमीच्या १७४९ सालच्या ग्रंथात आला. तो ग्रंथ १७५१ मध्ये छापून प्रसिद्ध झाला.

त्या निबंधाची रीत आमच्यासारख्या शिक्षकांनी अभ्यासण्याजोगी आहे. ऑयलर यांनी आधी गुरूंचा पक्ष पूर्ण बळाने मांडला, त्यातील कोणताही मुद्दा झाकला नाही, आणि मग तो पक्ष खरा मानला तर काय घडते ते दाखवले. उणे एकचा लॉग शून्य असेल, तर उणे एकच्या वर्गमुळाचा लॉगही त्याच्या निम्मा, म्हणजे शून्यच ठरतो. परंतु त्या वर्गमुळाचा लॉग आणि वर्तुळाचा परीघ यांचे नाते स्वतः योहान बर्नुली यांनीच पूर्वी शोधून काढले होते. त्या नात्यात शून्य घातले की परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर शून्य होते. म्हणजे गुरूंचा एक सिद्धांत खरा मानावयाचा तर गुरूंचाच दुसरा, अधिक भक्कम सिद्धांत खोटा ठरतो. यानंतर त्यांनी लायब्निझ यांच्या पक्षातील अडचणीही तितक्याच निःपक्षपातीपणे मांडल्या.

खरे उत्तर दोघांच्याही मतांपलीकडचे निघाले. एका संख्येला दोन वर्गमुळे असतात, तीन घनमुळे असतात; त्याचप्रमाणे प्रत्येक संख्येला एक नव्हे, तर अनंत लॉग असतात. धन संख्येच्या त्या अनंत लॉगांपैकी एकच वास्तव असतो, बाकीचे सारे काल्पनिक. ऋण संख्येचे सर्वच लॉग काल्पनिक असतात. दोनने भागून समता टिकते हे बर्नुली यांनी गृहीत धरले होते. पण दोन्ही बाजूंना अनंत किमतींचे समूह आहेत हे लक्षात घेता, एका बाजूची कोणतीही किंमत दुसऱ्या बाजूच्या कोणत्याही किमतीशी जोडता येत नाही. पायरी ओळखीची होती; परंतु ती जेथे टाकली ती जमीन वेगळी होती.

शालेय गणितात आपण वास्तव लॉगच वापरतो, म्हणून तेथे लॉग नेहमी धन संख्येचाच घ्यावा, हा निर्बंध येतो. तो पाळला नाही तर काय होते, याचे एक लहान उदाहरण पाहा.

लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = लॉग ४

डावी बाजू एकत्र केली असता क्ष गुणिले (क्ष − ३) बरोबर ४ असे वर्गसमीकरण मिळते आणि क्षच्या दोन किमती येतात : ४ आणि −१. पहिली किंमत मूळ समीकरणात घालून पाहिली तर लॉग ४ + लॉग १, म्हणजे लॉग ४, हे जुळते. दुसरी किंमत घातली तर −१ आणि −४ यांचे लॉग घ्यावे लागतात, जे आपल्या गणितात नाहीत. त्यांचा गुणाकार ४ येतो हे खरे. पण म्हणून ती किंमत उत्तर ठरत नाही. ती टाकून दिली पाहिजे. त्याचप्रमाणे क्षच्या वर्गाचा लॉग म्हणजे २ लॉग क्ष, हे क्ष धन असतानाच लिहावे. क्ष ऋणही असू शकत असेल, तर क्षचे केवलमूल्य घेऊन लिहावे. उत्तर काढल्यावर ते मूळ समीकरणात घालून पाहण्यास दोन मिनिटे लागतात. लायब्निझ आणि बर्नुली यांच्या वादास पस्तीस वर्षे लागली.

बर्लिनमध्ये ऑयलर यांनी पंचवीस वर्षे काढली. काम विपुल झाले, परंतु मान मिळाला नाही. राजाला दरबारी चातुर्याची आवड; हा साधा, श्रद्धाळू, फारसे न बोलणारा गणिती त्याला रुचला नाही. त्यांच्या एका डोळ्यावरून तो त्यांची थट्टा करीत असे. १७५९ मध्ये अकादमीचे अध्यक्ष वारल्यावर सारा कारभार ऑयलर पाहू लागले, तरी अध्यक्षपद त्यांना दिले गेले नाही. शेवटी १७६६ मध्ये सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिच्या निमंत्रणावरून ते पीटर्सबर्गला परतले. लवकरच डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला आणि त्यांना जवळजवळ काहीच दिसेनासे झाले. १७७१ मध्ये शस्त्रक्रियेने दृष्टी परतली, पण ती थोडे दिवसच टिकली. त्याच वर्षी पीटर्सबर्गला मोठी आग लागून त्यांचे घर जळाले. त्यांना ज्वाळांतून बाहेर काढले ते पीटर ग्रिम या बाझलच्या एका कारागिराने. दोन वर्षांनी पत्नी निवर्तल्या.

या अंधारलेल्या वर्षांतच ऑयलर यांनी बीजगणिताचे ते पुस्तक रचले, ज्यामुळे आम्ही या लेखास वरील नाव दिले. पुस्तक त्यांनी तोंडी सांगितले आणि दुसऱ्याने लिहून घेतले. हा दुसरा मनुष्य कोणी पंडित नव्हता. बर्लिनहून त्यांनी आपल्या चाकरीत आणलेला तो एक तरुण होता आणि त्याचा मूळ व्यवसाय शिंपीकामाचा होता. पुस्तकाच्या प्रस्तावनेत नोंद आहे, की गणितात त्याची बुद्धी सामान्यच होती. तरीही लिहून घेता घेता त्याला सारे समजत गेले, आणि थोड्याच काळात तो बीजगणितातील अवघड प्रश्न कोणाच्याही मदतीवाचून सोडवू लागला. प्रस्तावनेने त्याचा व्यवसाय नोंदला, त्याची बुद्धी मोजली. नाव मात्र दिले नाही. इतिहासाच्या अभ्यासकास ही उणीव सलते.

ते पुस्तक आधी रशियन भाषांतरात, आणि १७७० मध्ये मूळ जर्मनमध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ते फ्रेंच आणि इंग्रजीत गेले आणि युरोपातील अनेक पिढ्या त्यावर शिकल्या. ते अधिक आणि उणे या चिन्हांपासून सुरू होते. त्यात लॉगची प्रकरणे आहेत, व्याजाच्या हिशेबाचे प्रकरण आहे, आणि शेवटी वाचक त्या काळच्या पंडितांनाही कठीण वाटणाऱ्या समीकरणांपर्यंत पोहोचतो. मधली एकही पायरी गाळलेली नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. असे लेखन का साधले याचा आम्ही विचार केला. लिहून घेणारा समोर बसला आहे आणि त्याला समजले नाही तर लेखणी थांबणार आहे, हे सांगणाऱ्यास ठाऊक होते. घरात पुस्तक असलेल्या मुलाने गणित शिकणे ही एक गोष्ट. हाती सुई असलेल्या तरुणाने ते शिकणे ही दुसरी. पहिलीसाठी ऑयलर यांचे चरित्र पुरेसे आहे. दुसरीचा पुरावा त्या शिंप्याने दिला.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. त्याच पुस्तकाच्या आरंभीच्या भागात ऋण संख्यांच्या वर्गमुळांविषयी लिहिताना, उणे दोनचे वर्गमूळ गुणिले उणे तीनचे वर्गमूळ याचे उत्तर सहाचे वर्गमूळ असे ऑयलर यांनी दिले आहे. आज आपण त्याचे उत्तर सहाच्या वर्गमुळाची ऋण किंमत असे मानतो. धन संख्यांना लागू असलेला वर्गमुळांच्या गुणाकाराचा नियम येथे ऋण संख्यांवर नेला गेला. काही अभ्यासकांच्या मते वर्गमुळाच्या दोन्ही किमती त्यांच्या मनात होत्या, म्हणून ही चूक नव्हे. ते काहीही असो, ज्यांनी गुरूंच्या लॉगमधील हीच अडचण उलगडली, त्यांच्याच पुस्तकातील एक ओळ आजही विद्यार्थ्यांना चुकीचा नियम कोणता हे दाखवण्यासाठी वापरली जाते. त्यामुळे ऑयलर लहान होत नाहीत. अशा जागी पाय घसरण्याचा बुद्धीच्या कमतरतेशी संबंध नाही, एवढेच त्यावरून दिसते.

दृष्टी गेल्यावर ऑयलर यांचे काम थांबले नाही, उलट वाढले. पुत्र योहान आल्ब्रेख्त आणि निकोलाउस फूस यांच्यासारखे तरुण सहकारी लिहून घेत आणि ते मनात गणित करीत. त्यांच्या लेखनाची सूची ८६६ क्रमांकांपर्यंत जाते, आणि त्यातील मोठा भाग या अखेरच्या वर्षांतला आहे. त्यांच्या मृत्यूनंतरही कित्येक दशके अकादमी त्यांचे राहिलेले निबंध छापीत होती. १८ सप्टेंबर १७८३ रोजी सकाळी त्यांनी नातवंडास गणिताचा पाठ दिला, त्या वर्षी युरोपात गाजत असलेल्या बलूनच्या उड्डाणाविषयी काही हिशेब केला, आणि दुपारी नव्यानेच सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयी सहकाऱ्यांशी चर्चा केली. सायंकाळी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. वय शहात्तर वर्षांचे होते.

त्या विद्यार्थिनीस आम्ही ही हकिकत दोन-तीन अभ्यासिकांत सांगितली. तिला सर्वांत आवडला तो शिंपी; तिची आई शिलाईचे काम करते. त्यानंतर तिने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर नियमांची यादी न लिहिता प्रत्येक नियमासमोर तो कोणत्या संख्यांना लागू आहे आणि कोणत्या नाही, हे लिहून ठेवले. ती अजून विज्ञान शाखेत आहे. चुका अजून होतात. परंतु आता उत्तर काढल्यावर ती ते मूळ समीकरणात घालून पाहते, आणि फुली पडलीच तर ती का पडली हे विचारण्यासाठी गणिताच्या शिक्षकांकडे जाते.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज अभियंते, शिक्षक, परिचारिका, लेखापाल आहेत. त्यांच्यापाशी एकच मागणे आहे. सुटीच्या दिवशी एखादी सायंकाळ वसतिगृहाच्या अभ्यासिकेत येऊन बसावे. मोठे व्याख्यान नको. समोरच्या मुलाला समजेपर्यंत एकही पायरी न गाळता सांगावे, आणि त्याची लेखणी थांबली तर आपणही थांबावे.